सायकलवरचे चौघे, गाडीतले चौघे

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही साताऱ्याचे चार मित्र. एक बँकेत, दोघे शिक्षक, एकाचं हार्डवेअरचं दुकान. यंदाच्या हिवाळ्यात पुणे ते गोवा ही ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर ही सायकल रेस चौघांच्या गटात, आळीपाळीने चालवत करायची ठरवली आहे. आमच्यातल्या एकाचे वडील डायलिसिसवर होते, गेल्या वर्षी गेले. त्यांच्या नावाने गरीब पेशंटांच्या डायलिसिससाठी पाच लाख जमवायचे आहेत. रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढतो. तिघांची २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) झाली आहे. एवढा सराव पुरेल ना? आणि पैशांसाठी माझा गुगल पे नंबर सगळ्यांना पाठवला तर चालेल का? न्यू जर्सीचा मावसभाऊही मोठी रक्कम देणार आहे. सोबतच्या मदतीच्या गाडीत माणसं, म्हणजे क्रू, लागतो. क्रूचं बघू, कोणीतरी येईलच.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र मी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलं. ‘क्रूचं बघू, कोणीतरी येईलच’ या वाक्यावर पेन्सिलीने गोल केला आणि मग चहा ठेवला. शाळेत पी.टी. शिकवायचे तेव्हापासूनची सवय.

पायांची काळजी मला फारशी नाही. ६४३ भागिले चार, म्हणजे माणशी १६० किलोमीटर. २०० ची बीआरएम साडेतेरा तासांत संपवणाऱ्याला ते जड नाही. पण ते १६० सलग येणार नाहीत, तुकड्यांत येतील. अर्धा तास जीव तोडून चालवायची, मग गाडीत बसायचं, घाम वाळेपर्यंत पाय लाकूड होतात, तोवर पुन्हा हाक येते. त्यामुळे यवतेश्वर एकदा चढून घरी चहाला जाऊ नका. चढा, खाली या, गाडीत पाऊण तास बसा, पुन्हा चढा. असं पाच वेळा. तिसऱ्या वेळी गुडघे जे बोलतील तीच तुमची परीक्षा. चौथ्या गड्याची बीआरएम राहिली आहे, ती आधी करून घ्या. ३०० ची केली तर उत्तम, वीस तासांची मुदत असते आणि थोडी रात्र वाट्याला येते.

मात्र बीआरएम तुम्हाला एक गोष्ट मुळीच शिकवत नाही. तिथे कंट्रोल पॉइंट (वाटेतली नोंदीची ठिकाणं) सोडून कुठेही मदतीची गाडी चालत नाही, ज्याचं त्याने निस्तरायचं. रेसमध्ये उलटं. तिथे गाडी हाच पाचवा गडी. अमेरिकेतल्या ‘राम’मध्ये (रेस अक्रॉस अमेरिका; तुमची पुणे-गोवा तिचीच पात्रता फेरी) संध्याकाळी सात ते सकाळी सात मागे गाडी नसेल तर स्वाराने पुढे जायचंच नाही, असा नियम आहे. तुमच्या रेसचं नियमपत्रक क्रूमधल्या प्रत्येकाने वाचायला हवं. नियम मोडला गाडीने तरी दंड बसतो स्वाराच्या वेळेला.

माझी पहिली रेस सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल. क्रूमध्ये मी, माझे दीर आणि दोन भाचे. पोरं हौशी, पण रात्रभर जागायची सवय परीक्षेपुरतीच. कोल्हापूरच्या पुढे रात्री तीनच्या सुमाराला आमचा स्वार सर्व्हिस रोडला उतरला आणि आमची गाडी उड्डाणपुलावर चढली. दिरांना डुलकी लागली होती हे त्यांनी दोन वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत कबूल केलं. स्वार पुलाखाली अंधारात उभा, फोन आमच्या गाडीत. सापडला तेव्हा मागचं चाक पंक्चर. ट्यूबा होत्या आठ! पण त्याची रिम उंच, तिला लांब व्हॉल्व्हची ट्यूब लागते, आणि आमच्या आठही आखूड. पंपाचं तोंड लागेना. सव्वा तास गेला. सहा महिन्यांचा त्याचा सराव आम्ही चौघांनी त्या पुलाखाली बुडवला.

म्हणून आता ऐका. गाडीत किमान चार माणसं, त्यात दोन पक्के ड्रायव्हर, आणि रात्री दोन ते पाच या वेळेचा ड्रायव्हर दुपारीच झोपवून ठेवलेला. सायकलच्या मागे ताशी पंचवीसच्या वेगाने तासन् तास गाडी हाकणं हे हायवेवर मुंबई गाठण्यासारखं नाही, डोळे मिटतात. रेसच्या महिनाभर आधी एका शनिवारी रात्री सातारा ते कोल्हापूर पूर्ण तालीम करा : हेडलाइट, बदली, जेवण, पंक्चर, सगळं. स्वार बदलताना येणाऱ्याचं पुढचं चाक जाणाऱ्याच्या मागच्या चाकाच्या बरोबरीला यावं लागतं, पण घासायला नको. दिवसा सोपं वाटतं. रात्री पहिल्या दोन बदल्यांत तुम्ही एकमेकांना आईवरून बोलाल, ते साताऱ्यातच बोलून घ्या.

खाण्याचं थोडक्यात. सायकलवर असताना तासाला साधारण साठ ग्रॅम पिष्ट पोटात जावं, म्हणजे दोन केळी आणि राजगिऱ्याचा एखादा लाडू. मीठ लावलेला उकडलेला बटाटा सगळ्यांना चालतो. भडंग नको, कोरड्या घशात अडकतं. नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. कोकम सरबतात मीठ-साखर, किंवा ताक. आणि चड्डी दर शिफ्टला कोरडी. यावर हसाल, पण बसायच्या जागी फोड आल्यामुळे सोडलेल्या रेस मी जास्त पाहिल्या आहेत, पाय दुखल्यामुळे सोडलेल्या कमी.

आता पैसे. तुमचा गुगल पे नंबर कोणालाही पाठवू नका. तुम्ही सज्जन आहात यात शंका नाही, पण डायलिसिसचे पैसे आणि ट्यूबचे पैसे एका खात्यात आले की मार्चमध्ये तुम्हालाही ते वेगळे करता येणार नाहीत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेली, ८०जी (देणाऱ्याला करसवलत मिळवून देणारी मान्यता) असलेली आणि प्रत्यक्ष डायलिसिस चालवणारी संस्था शोधा. देणगी थेट तिच्या खात्यात, पावती तिचीच. करसवलतीसाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्र तीच देईल. रोख दोन हजारांच्या वर असेल तर ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्याला तशीही नाही. देणाऱ्याला हे आधीच सांगा, नंतर तोंड लपवावं लागतं.

मावसभावाला एकच विचारा : पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर त्याने नेहमीच्या बँकमार्गाने दिलेले पैसे परदेशी देणगीत मोजत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची) नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. ‘माझ्या खात्यावर टाक, मी देतो’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ऐकू नका.

प्रश्न : पुण्याहून गोव्याला सायकल दामटून गरिबाचं काय भलं होतं? प्रवेश फी, गाड्या, डिझेल याचे पैसे सरळ दवाखान्याला का देत नाहीत? ही श्रीमंतांची हौस आहे.
– एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : हौस आहेच, काका. म्हणूनच हौसेचा खर्च स्वतःच्या खिशातून, हा माझा हट्ट. फीपासून डिझेलपर्यंत सगळं चौघांनी वाटून घ्यायचं आणि देणगीतला रुपयाही टायरला लावायचा नाही. तसं असेल तर तुमचा हिशेब बदलतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या गटात ‘राम’ पूर्ण केली, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, गटांना मुदत नऊ दिवसांची. ती त्यांनी आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी चालवली. त्यानिमित्ताने किती जणांच्या कानावर तो विषय गेला असेल! शेजारी पत्रक घेऊन आला तर आपण दार लावतो. तोच शेजारी तीनशे किलोमीटर चालवून आला, तर निदान ‘कशासाठी रे बाबा’ एवढं आपण विचारतो. तरीही थेट दवाखान्यात जाऊन चेक देणारा माणूस मला जास्त आवडतो, हे तुमच्या समाधानासाठी.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर तीन मित्रांबरोबर गोव्यापर्यंत सायकलची रेस करणार आहेत. वर्षभर रविवार सकाळ मी पाहिलेली नाही. आता म्हणतात, ‘तू फक्त चौघांचे डबे कर.’ माझं म्हणणं, मीही येते. अकरा वर्षं गाडी चालवते आहे, माहेरी चिपळूणला कुंभार्ली घाट रात्रीसुद्धा एकटीने उतरते. पण ‘बायकांना झेपणार नाही’ असं एक जण म्हणाला. डायलिसिसचा विषय आमच्याच घरातला आहे, सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा मीच घेऊन जायचे. मी हट्ट करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बाई, डबे पोळी-भाजीच्या दुकानातूनही मिळतील. रात्रीचा घाट उतरणारा ड्रायव्हर कुठून आणणार ते? हट्ट करा. फक्त अट घाला : रात्री दोन ते पाचची पाळी तुमची, त्या दिवशी दुपारी तुम्हाला कोणी उठवायचं नाही, आणि रात्री पुढच्या वळणाचा निर्णय स्टेअरिंगवर असलेल्याचा. लांब व्हॉल्व्हच्या ट्यूबा विचारून घ्या, चार तरी. हे पान मिस्टरांच्या कॅप्टनला दाखवा, त्यांचं पत्र वरच छापलं आहे.