धोऱ्यावरची संध्याकाळ: जैसलमेरला जाणाऱ्यांचे प्रश्न

दिवाळी सरली की राजस्थानची पत्रं सुरू होतात. या वेळी बहुतेकांचा बेत दोघांचाच आहे: दोन मैत्रिणी, दोन मित्र, हाताशी एक दिवस आणि वाळूतला सूर्यास्त पाहायची इच्छा. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

मी आणि माझी मैत्रीण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जैसलमेरला जातोय. टॅक्सीवाला म्हणतो, पाचला निघू. जैसलमेर मुंबईच्याही पश्चिमेला, म्हणजे सूर्य उशिराच मावळणार ना? – एक वाचक, पुणे

पाचला निघालात तर परतणाऱ्या गाड्यांचे दिवेच बघाल. जैसलमेर पश्चिमेला आहे हे खरं, पण ते मुंबईपेक्षा बरंच उत्तरेलाही आहे आणि हिवाळ्यात उत्तरेकडचा दिवस आखूड असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जैसलमेरला त्याच्याही आधी, साधारण ५.५० ला. जानेवारीच्या मध्यात सव्वासहा आणि फेब्रुवारीच्या मध्यात ६.३५ धरून चाला.

शहरापासून समचे धोरे (वाळूच्या टेकडीला तिकडे धोरा म्हणतात) सुमारे ४० किलोमीटर. रस्ता सरळ आणि डांबरी, पाऊण तास पुरतो. पण समला पोचल्यावर उंटवाल्याशी घासाघीस आणि वाळूतली चाल यात आणखी अर्धा तास जातो. वाळूत पाऊल मागे घसरतं, त्यामुळे अंतर दिसतं त्यापेक्षा दुप्पट वाटतं. वाटेत कुलधरा, म्हणजे पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव, बघायचं असेल तर अडीचला निघा. नसेल तर साडेतीन ही शेवटची वेळ. सूर्य टेकण्याआधीची पाऊण तास उन्हं तिरपी येतात आणि सगळी मजा त्या वेळात असते. बिंब बुडण्याची दोन-तीन मिनिटं त्यापुढे किरकोळच.

आणि बिंब बुडालं की उठू नका. गर्दी त्याच क्षणी उठते. पाठ फिरवून पूर्वेकडे बघा: क्षितिजालगत निळसर करडा पट्टा चढताना दिसेल, त्याच्यावर गुलाबी कड. ती पृथ्वीची स्वतःची सावली असते. आपल्याकडे इमारती आणि धुरकं यांत ती हरवते, तिथल्या कोरड्या मोकळ्या आकाशात लख्ख दिसते. वाट दिसण्याइतका उजेड पंचवीसेक मिनिटं टिकतो.

सम की खुडी? सगळे सम म्हणतात. – एक वाचक, नाशिक

सगळे म्हणतात म्हणूनच तिथे सगळे असतात. समला तंबूंच्या रांगा, जीपचा गोंगाट, ध्वनिवर्धक; पण सोयी भरपूर आणि वाहनं सहज मिळतात. खुडी नैर्ऋत्येला, सुमारे ५० किलोमीटरवर. धोरे कमी आहेत, पण गाव जागतं आहे आणि शांतता आहे. दोघीच असाल आणि बोलत बसायचं असेल तर खुडी. मांगणियार लोकगायकांचं गाणं आणि कालबेलिया नाच बघायचाच असेल तर सम. मात्र ठरवताना कार्यक्रमात त्यांची वाद्यं, म्हणजे कमायचा (तंतुवाद्य) आणि खडताल (लाकडी चिपळ्या), वाजणार की ध्वनिमुद्रित गाणी लावणार, हे आधी विचारा. कालबेलिया २०१० साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. त्या नावावर काहीही खपवलं जातं.

मित्राला मणक्याचा त्रास आहे. उंटावर बसावं का? – एक वाचक, लातूर

बसू नये. उंट चालताना एका बाजूचे पुढचे-मागचे पाय एकदम उचलतो. त्यामुळे घोड्यासारखा वरखाली नव्हे, तर डावी-उजवीकडे हेलकावा बसतो आणि तो थेट कमरेत जातो. उठण्या-बसण्याचे झटके वेगळेच. त्याऐवजी उंटगाडा सांगा. रबरी टायरचा, वर गादी टाकलेला गाडा असतो. त्यावर पाय पसरून बसता येतं. जीपची वाळूतली फेरी मात्र मणक्याला उंटापेक्षाही वाईट.

तुम्ही स्वतः बसणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. उंट उठताना मागचे पाय आधी सरळ करतो, म्हणून स्वार पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही पुढेच. दोन्ही वेळा मागे रेला आणि खोगिराचा दांडा घट्ट धरा. पडणारे बहुतेक उतरतानाच पडतात, कारण तोवर हात मोबाईलवर गेलेला असतो. दोघांना एकच उंट मिळाला तर दोघं नीट बसल्याशिवाय उंटवाल्याला उठवू देऊ नका.

हिवाळा हा नर उंटांच्या माजाचाही काळ. तोंडाला फेस, घशातून गुरगुर आणि तोंडाच्या कडेने फुग्यासारखा लोंबणारा गुलाबी मांसल भाग दिसला तर तो उंट नको म्हणा. असा उंट चिडका असतो, चावतो. भाव बसण्याआधी ठरवा आणि ‘कितीला’ याबरोबर ‘कुठवर, किती वेळ’ हेही विचारा. नाहीतर पहिल्याच धोऱ्याच्या पायथ्याशी फेरी संपते.

मोबाईलवर वाळूचे फोटो सपाट, पिवळे येतात. काय चुकतं? – एक वाचक, कोल्हापूर

बहुधा दोन गोष्टी चुकतात: वेळ आणि उभं राहण्याची जागा.

धोऱ्याला दोन बाजू असतात. वारा ज्या बाजूने येतो ती लांब, मंद चढाची, साधारण १० ते १५ अंशांची. पलीकडची आखूड आणि तीव्र, ३३-३४ अंशांची, कारण कोरडी वाळू याहून जास्त उभी राहूच शकत नाही, घसरते. थरच्या वाळवंटात जोराचे वारे उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून वाहतात, म्हणून मंद चढ बहुतेक नैर्ऋत्येकडे तोंड करून असतो. डिसेंबरात सूर्यही पश्चिम-नैर्ऋत्येला मावळतो. म्हणजे वाळूवरच्या लहरी वाऱ्याला आडव्या आणि संध्याकाळचं ऊन त्या लहरींवर जवळजवळ काटकोनात. प्रत्येक लहरीची एक कड उजळते, दुसरी काळी पडते. ही नक्षी मंद चढावर शोधा. तीव्र बाजू त्या वेळी पूर्ण सावलीत असते. धोऱ्याच्या धारेवर उभं राहिलात तर एकाच चौकटीत अर्धं सोनेरी, अर्धं निळं मिळेल.

सूर्य पाठीशी घेतलात तर सावल्या लहरींच्या मागे लपतात आणि चित्र सपाट होतं. तो बाजूला, खांद्याच्या रेषेत घ्या. पडद्यावर उजळ आकाशाला बोट लावून उजेड थोडा उतरवा. मैत्रिणीचा फोटो हवा असेल तर तिला धारेवर उभं करा आणि तुम्ही दहा-पंधरा पावलं खाली उतरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर घ्या. पावलांनी लहरी मोडतात, म्हणून आधी फोटो, मग चालणं.

कॅमेरा असेल तर लेन्स खोलीवरच लावून निघा, वाळूत बदलू नका. काचेवर रेती बसली की रुमालाने पुसू नका, ओरखडे जातात. रबरी फुंकणीने उडवा. मोबाईल चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. ड्रोन घरीच ठेवा. जिल्हा सीमेवरचा आहे आणि परवानगीशिवाय उडवलात तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

आम्ही दोघे मित्र गाडी घेऊन निघतोय. वाळूत नेता येईल का? – एक वाचक, अकोला

साधी गाडी असेल तर डांबरावरच ठेवा. चारही चाकांना ताकद असलेली असली तरी एकटी गाडी वाळूत घालू नये. ओढायला दुसरी हवी. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा १८ ते २० पौंडांवर आणा. टायर पसरतो, वजन विभागलं जातं. परतताना हवा भरायला पंप जवळ हवाच, कारण कमी हवेवर डांबरावर वेगाने गेलात तर टायर तापून फुटतो.

चाक रुतलं तर सगळे तेच करतात: पाय दाबतात. चाक जागीच फिरून स्वतःची कबर खणतं. थांबा, चाकांपुढची-मागची वाळू हाताने काढा, हवा आणखी दोन-तीन पौंड कमी करा, पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि आलात त्याच चाकोरीतून हळूच मागे या. तिथली वाळू आधीच दबलेली असते.

वाटेत माळढोक दिसेल का? – एक वाचक, सोलापूर

नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं नाव ज्यांच्या घरात घेतलं जातं त्यांनी हे विचारणं साहजिक आहे. सूर्यास्ताच्या फेरीत शक्यता जवळजवळ नाही. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. सम आणि खुडीच्या आसपासचा मुलूख ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात मोडतो, पण पक्षी गोंगाटापासून लांब, गवताळ भागात असतो. त्यासाठी वनखात्याची परवानगी काढून उद्यानातल्या सुदासरीकडे पहाटे जावं लागतं. वाटेतल्या विजेच्या तारांकडे लक्ष द्या. या जड पक्ष्याला समोरचं कमी दिसतं, ऐनवेळी वळता येत नाही, आणि मादी बहुधा एकच अंडं घालते. मग एकेक धडक किती महाग पडते ते कळतं.

काळोखात वाळूत अनवाणी बसलं तर चालेल? थंडी किती? – एक वाचक, रत्नागिरी

सूर्य असेपर्यंत खुशाल अनवाणी फिरा. काळोख पडला की बूट घाला. तुमच्या जांभ्या कातळावरचं फुरसं थरातही आहे. तिथे ते वाळूत अंग पुरून बसतं आणि आडवं सरपटत जातं. कडाक्याच्या थंडीत ते फारसं बाहेर येत नाही, पण नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चच्या उबदार संध्याकाळी भरवसा धरू नये. बूट घालण्याआधी झटका, विंचू असतो. फुरसं चावलंच तर बांधू नका, कापू नका. पाय हलू न देता गाडीने थेट जैसलमेरच्या सरकारी रुग्णालयात न्या.

थंडी फसवी असते. दुपारी २४-२५ अंश, म्हणून लोक शर्टावर निघतात. हवेत बाष्प नसल्यामुळे दिवसाची ऊब मावळतीनंतर झरझर आकाशात निघून जाते आणि रात्री पारा ८-१० अंशांवर, कधी त्याखालीही येतो. स्वेटर, कानटोपी, सुती पंचा, दोघांत दोन लिटर पाणी आणि प्रत्येकी एक विजेरी घ्या. मोबाईलच्या दिव्यावर विसंबू नका. फोटो काढून काढून त्याची बॅटरी तोवर संपलेली असते.