ईआर-पीआर पॉझिटिव्ह असताना इम्युनोथेरपी का सुचवली?

आपल्या मावशींच्या गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने पोटात पुन्हा दिसला. अहवालात ‘ईआर, पीआर पॉझिटिव्ह’ आहे आणि त्याखाली ‘एमएलएच-१ व पीएमएस-२ लॉस’ असे लिहिले आहे. मग संप्रेरकांच्या स्वस्त गोळ्या सोडून डॉक्टर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध मोकळे करणारी औषधे) का सुचवतात, असे आपण विचारले आहे. मी विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) आहे आणि उपचार ठरवणे माझे काम नाही. परंतु या दोन्ही ओळी आमच्याच टेबलावर लिहिल्या जातात, त्यामुळे त्या कशा वाचाव्यात हे सांगू शकते.

दोन्ही चाचण्यांत पेशीच्या केंद्रकाला तपकिरी रंग चढतो की नाही, एवढेच आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, पण अर्थ उलटा लावतो. ईआर-पीआरमध्ये रंग चढला, म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राहक (ही संप्रेरके पकडणारी प्रथिने, म्हणजे रिसेप्टर) पेशीत शाबूत आहेत आणि मेजेस्ट्रॉल किंवा लेट्रोझोलसारखे औषध उपयोगी पडण्याची शक्यता आहे. एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ व एमएसएच-६ ही प्रथिने मात्र डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी आहेत. तिथे रंग नसेल तर दुरुस्ती बंद पडली आहे, चुका साठत गेल्या आहेत आणि त्यांतून तयार झालेली विचित्र प्रथिने शरीराच्या टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना) परकी वाटू लागली आहेत. या टी-पेशींवर गाठीने लावलेला पीडी-१ नावाचा ब्रेक डोस्टार्लिमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब सोडवते. ‘लॉस’ हा शब्द वाचून नातेवाईक हबकतात, पण या औषधांच्या दृष्टीने ती आशेची ओळ आहे. (रंग न चढण्याचे कारण नमुना फॉर्मॅलिनमध्ये नीट न मुरणे हेही असू शकते, म्हणून शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या आहेत, याची खात्री करूनच आम्ही ‘लॉस’ लिहितो.)

म्हणजे ग्राहक असणे इम्युनोथेरपीच्या आड येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रुबी’ चाचणीत, पसरलेला किंवा उलटलेला आजार असलेल्या आणि दुरुस्ती बंद पडलेल्या गटात, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलसोबत डोस्टार्लिमॅब घेतलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्त्रियांचा आजार दोन वर्षांनंतरही वाढलेला नव्हता. केवळ केमोथेरपी घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. इतका फरक दिसल्यावर डॉक्टरांचा कल मला समजतो. गोळ्या मंद वाढणाऱ्या, पहिल्या श्रेणीच्या गाठीत अधिक चालतात आणि पुढे गरज पडल्यास त्यांचा विचार करता येतो. खर्चाची आपली चिंता मात्र अजिबात गैर नाही. हे उपचार लाखांच्या घरात जातात, तेव्हा किती मात्रा आणि किती काळ, हे आधीच विचारून घ्यावे.

या इंजेक्शनांमुळे थायरॉइड, अधिवृक्क (ॲड्रिनल) किंवा पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी बिघडू शकते, आणि मग घरात ‘हार्मोनचा त्रास’ म्हणजे ईआर-पीआरचाच प्रकार, असा गैरसमज होतो. तो प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला असतो. सततचे जुलाब, धाप किंवा विलक्षण थकवा आल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

एक चाचणी मात्र आपणहून मागा: एमएलएच-१ जनुकाचे मेथिलेशन, म्हणजे रासायनिक खूण बसून ते जनुक बंद पडणे. ते आढळले तर दोष बहुधा गाठीपुरताच असतो. न आढळल्यास मावशींची लिंच सिंड्रोमसाठी (कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषासाठी) रक्तचाचणी करावी लागेल, आणि त्यात दोष निघाला तर आपल्या आईचीही.