कर्ज काढून कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : मी इंदूरमध्ये एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. छायाचित्रणाची हौस जुनी आहे आणि नात्यातल्या लग्नांत काढलेली छायाचित्रे सर्वांना आवडली, म्हणून आता हाच व्यवसाय करावा असे वाटते. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यासोबत आलेली किट लेन्स आहे. नोकरी सोडून, कर्ज काढून फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्यावा, की आधी एखादा अभ्यासक्रम करावा?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : कर्ज काढू नये आणि नोकरीही तूर्त सोडू नये. एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ मध्ये आपल्या इंदुरातच सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि कॅमेऱ्याचे काम त्यांनी ती नोकरी सांभाळूनच शिकून घेतले. स्वतःच्या स्टुडिओची कीर्ती त्यानंतरची.

हौशी माणूस प्रकाश चांगला असेल तेव्हा कॅमेरा बाहेर काढतो, तर व्यावसायिकाला मंगल कार्यालयात जो प्रकाश असेल त्यातच ठरलेल्या दर्जाचे काम करून द्यावे लागते, आणि म्हणून वाईट प्रकाशात काम करणे हेच मी पहिले कौशल्य मानतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. अशा वेळी शटर १/५०० सेकंदावर ठेवले, तर चित्रावर काळसर पट्टे उमटू शकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणले की पट्टे बहुधा जातात, पण मग हलणारी माणसे पुसट येतात. त्यावर उपाय म्हणजे फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवून टाकणे, कारण त्याची क्षणिक चमक हालचाल पकडून ठेवते. छत रंगीत असेल तर तोच रंग वधूच्या चेहऱ्यावर उतरतो, हेही आधीच पाहून ठेवावे लागते. सरावासाठी अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्यांसारखी (रोषणाईच्या चित्ररथांसारखी) दुसरी संधी शहरात नाही : झगमगती झांकी पुढे सरकत असते, बघणारे अंधारात असतात आणि दोन्हींचा तपशील एकाच चित्रात राखायचा असतो. (रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, मात्र उघडा कॅमेरा नेण्याचे धाडस करू नये.)

फुल-फ्रेमची घाई का नको, ते आकड्यांतच पाहा. अल्बमचे १२ × १८ इंची पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला ३६०० × ५४०० पिक्सेल, म्हणजे दोन कोटींपेक्षा थोडे कमी पिक्सेल लागतात आणि आपला कॅमेरा त्याहून अधिक देतो. अंधारात फुल-फ्रेम सरस ठरतो हे खरे, पण त्या रकमेच्या लहानशा भागात ५० मिलिमीटर, एफ १.८ ची, जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स आणि एक चांगला फ्लॅश येईल. दुकानदार अर्थात वेगळे सांगेल. छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपलेली मूळ माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये, घ्यावीत. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४, त्यामुळे हळदीच्या पिवळ्या उजेडातली त्वचा एडिटिंगमध्ये बऱ्याच अंशी सावरता येते.

अभ्यासक्रम वाईट नसतात, परंतु लग्नाचे काम करायचे असेल तर एक लग्नसराई अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखाली काढणे मला अधिक मोलाचे वाटते. नातेवाइकांच्या गटांची यादी आधी कशी घेतात, मंगलाष्टकांच्या शेवटी कुठे उभे राहतात, घरी परतल्यावर मेमरी कार्डे त्याच रात्री दोन ठिकाणी कशी उतरवतात, हे वर्गात क्वचितच कळते.

दरम्यान रविवारी छोटी कामे घ्यावीत. इंदुरात नमकीनवाले आणि तयार कपड्यांचे व्यापारी भरपूर आहेत आणि ऑनलाइन विक्रीसाठी त्यांना छायाचित्रे लागतात. शेवेवर बाजूने किंवा थोडा मागून प्रकाश टाकला की तिचा खरखरीत पोत उठून दिसतो, आणि खिडकी व पांढरा पुठ्ठा एवढ्यावरही हे जमते.

पहिल्या कामापासून करार मात्र लेखी असावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामित्वहक्क, वेगळे ठरले नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून निवडक छायाचित्रे स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी आगाऊ रक्कम, अल्बमची तारीख आणि बदलांची मर्यादा यांच्याबरोबर त्याच कागदावर लिहून, सही घेऊनच काम स्वीकारावे.