पहिल्या वर्षातच वकिलांकडे कामाला लागावं का?

"ताई, मला तूच म्हणा" असं लिहिलं आहेस, म्हणून तू. तुझा प्रश्न वाचला: तीन वर्षांच्या एलएलबीचं पहिलं वर्ष, घर कळव्याला, सकाळी ठाण्यात कॉलेज. सीबीडी बेलापूरची एक फर्म दुपारी 2 ते 8, सोमवार ते शनिवार काम आणि महिना 7 हजार देतेय. पुढे जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीश व्हायची परीक्षा द्यायची आहे. घरात पैशांची गरज आहे, पण बाबा म्हणतात आधी शिक्षण पूर्ण कर.

माझं मत असं की काम जरूर कर. पण या वेळांत नको. आणि तिथे तुला काय वाचायला नि लिहायला मिळणार, हे विचारल्याशिवाय तर अजिबात नको.

आधी तासांचं बघ. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार लॉ कॉलेजात आठवड्याला निदान 30 तास शिकवणं व्हायला हवं, आणि प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी हवी. ऑफिसचे सहा दिवसांचे सहा-सहा तास म्हणजे आणखी 36. शिवाय प्रवास. ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल गाडी पकडून बेलापूरपर्यंत पाऊण तास धर. रात्री आठला निघालीस तर घरी पोचून जेवायला साडेनऊ होणार आणि सकाळी पुन्हा कॉलेज. यात बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचं मूळ पुस्तक, उघडणार कधी?

हे मी भोगलंय. पहिल्या वर्षी मी मुंबईतल्या एका ऑफिसात लागले होते. चार महिने पाकिटं पोचवली, रांगा लावल्या, झेरॉक्स काढल्या. पाकिटात काय आहे ते मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. हजेरी घसरली, काँट्रॅक्टला केटी लागली, म्हणजे त्या पेपरात नापास झाले. रांगेत उभं राहणं कमीपणाचं आहे असं मी म्हणत नाही. नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, बेलिफाकडे समन्स कधी जातं, शिरस्तेदार अर्ज का परत करतात, हे पुस्तकात नसतं आणि पुढे रोज लागतं. पण जो कागद तू नेतेस तो तुला वाचू देत नसतील, तर त्या कामात महिन्याभरानंतर शिकण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या वर्षी मी ठाण्यातच, कोर्ट नाक्याजवळ एका वकीलसाहेबांकडे लागले. पैसे आधीपेक्षा कमी होते. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि टायपिंगचं टेबल. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखानदाराचा चेक परत आला होता, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 ची केस. तू हे शिकशीलच: बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. साहेबांनी मला फिर्यादीचा मसुदा करायला सांगितला. मी मन लावून केला. दाखल करायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मसुदा वाचला आणि काही न बोलता पोस्टाची पोचपावती माझ्यासमोर ठेवली. मी 15 दिवस नोटीस पोस्टात टाकल्याच्या तारखेपासून मोजले होते. पावतीवर मिळाल्याची तारीख पाच दिवस पुढची होती. म्हणजे आरोपीची मुदत संपायच्या आधीच आम्ही तक्रार घेऊन कोर्टात उभे राहिलो असतो. त्यांनी मसुदा फाडला नाही, रागावलेही नाहीत. लाल पेनाने एक-एक तारीख गोल करून प्रत्येकीसमोर "कशावरून?" असं लिहिलं आणि मला पुन्हा लिहायला लावलं. आजही फिर्याद लिहिताना मी प्रत्येक तारखेसमोर तिचा कागद लावून बघते.

म्हणून मुलाखतीत तू एवढंच विचार: "माझा मसुदा कोण तपासणार?" उत्तरात एखादा माणूस दाखवला, मग तो साधा ज्युनियर वकील का असेना, तर ती जागा चांगली. "बघू, हळूहळू शिकशील" असं म्हणाले तर मी तरी तिथे जाणार नाही.

लागलीस तर एक दिवाणी दावा निवड, शक्यतो संपलेला, आणि पहिल्या पानापासून वाच. वादपत्र, कैफियत (म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, सरतपासाचं प्रतिज्ञापत्र (साक्षीदाराचं स्वतःचं म्हणणं), उलटतपास, शेवटी निकाल. सोबत रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारीखवार नोंद, ठेव. कुठल्या तारखेला काय झालं आणि दावा कुठे अडकला, हे तुला रोजनाम्यातच दिसेल. कॉलेजात सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर-रूलच्या आकड्यांत शिकवतात. त्यातली कैफियतीची 30 आणि 90 दिवसांची मुदत अशा एका दाव्यात जेवढी पक्की बसते, तेवढी नोट्समधून बसत नाही. बेलापूरकडच्या ऑफिसांत सिडकोची कामंही बरीच असतात: भाडेपट्ट्याच्या जमिनी, साडेबारा टक्के योजनेतले (जमीन गेलेल्यांना मिळालेले) भूखंड, वारसांचे वाद, त्रिपक्षीय करार. ते शिकायला मिळालं तर सोनंच. पण त्यासाठी सर्चला, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या नोंदी शोधायला, गेल्यावर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) स्वतः वाचता आला पाहिजे, नुसता प्रिंट काढून आणता कामा नये.

आता जे टाळायचं ते. वकालतनाम्यावर सही करायची नाही, कोर्टासमोर वकील म्हणून बोलायचं नाही, कुणी "नुसती तारीख घेऊन ये" म्हटलं तरी नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसताना वकिली करणं अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 45 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मागे बसून ऐक, तारीख टिपून घे, ऑफिसला कळव. पक्षकाराची गोष्ट लोकलमध्ये बोलायची नाही, मैत्रिणीलाही सांगायची नाही. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मधलं गोपनीयतेचं बंधन वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. आणि मुलगी म्हणून हेही ऐकून ठेव: लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. गप्प बसून दिवस काढायचे नाहीत.

कॉलेज ऑफिसला आधीच भेट. बार कौन्सिलने सप्टेंबर 2024 मध्ये परिपत्रक काढलंय. त्यानुसार शिकताना नोकरी असेल तर ती जाहीर करायची आणि नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र द्यायचं. हे लपवलंस तर पुढे सनदेच्या वेळी अंगाशी येईल. तीन वर्षांच्या कोर्सला लागणारी 12 आठवड्यांची इंटर्नशिप या कामातच धरली जाईल असंही समजू नकोस. तिचे नियम वेगळे आहेत, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही.

जेएमएफसीबद्दल सुप्रीम कोर्टाचा मे 2025 चा निकाल तुला माहीत असेल. तीन वर्षांची वकिली हवी, आणि ती मोजायची तात्पुरत्या सनदेपासून. म्हणजे आताचं काम त्या तीन वर्षांत धरलं जाणार नाही, त्यासाठी घाई करायचं कारण नाही. न्यायाधीशाला निकालपत्र लिहायला लागतं, आणि निकाल लिहायला शिकायचं तर पुरावा वाचावा लागतो. त्यासाठी आठवड्याचे तीन दिवसही पुरतात, फक्त त्या तीन दिवसांत फाइल तुझ्या हातात हवी.

राहिले पैसे. त्यांची गरज मी हलकी धरत नाही, माझ्याही घरी होती. फर्मला सांग: आठवड्याला तीन किंवा चार दिवस, 2 ते 6, रेल्वेचा पास त्यांचा, आणि परीक्षेआधी पंधरा दिवस सुट्टी. हे ईमेलवर लिहून घे. पगार 7 वरून 5 हजारांवर आला तरी चालेल. तयार नसतील तर कोर्ट नाक्यावरची छोटी ऑफिसं बघ. कॉलेज सुटल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोचशील आणि सातच्या आत घरी असशील. बाबांना माझं सगळं उत्तर दाखवू नकोस हवं तर, पण हा तासांचा हिशेब मात्र कागदावर मांडून दाखव. केटी लागली तेव्हा माझ्या वडिलांनी मला एकच विचारलं होतं, "हे आधी मोजलं होतंस का?"