आपल्याच पैशावर उचल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा ओक ट्री रोडवर गाडीत बसल्याबसल्या, विवरणपत्र भरून देणाऱ्या दुकानातून कराच्या रिफंडवर (परताव्यावर) आगाऊ पैसे घेण्याविषयी बोलताना तू विचारलेस, "काकू, यात माझे जाते काय? व्याज तर शून्य आहे." मी उत्तर न देता मेथीच्या जुड्या मागच्या सीटवर टाकल्या आणि घरी येईपर्यंत गप्प राहिले. राग तुझ्यावर नव्हता. करविवरणपत्रे भरून देणाऱ्या तसल्याच एका दुकानात मी चार हंगाम काउंटरच्या पलीकडे बसलेली आहे, आणि "यात माझे जाते काय?" हा प्रश्न एका बाईने मला विचारला होता, तेव्हा मी जे बोलले ते आठवून मला अजून ओशाळल्यासारखे होते.

तू पाठवलेले कागदाचे फोटो मी दोनदा वाचले. रिफंडचा अंदाज ३,४०० डॉलर, त्यातले १,००० आजच्या आज प्रीपेड कार्डावर, व्याज शून्य. खाली बारीक अक्षरांत विवरणपत्र भरण्याची फी ३१० डॉलर आणि 'रिफंड ट्रान्सफर'चे ४५. व्याज शून्य आहे हे खोटे नाही, कारण बँकेचा मोबदला तुझ्याऐवजी दुकान देते; पण दुकान काही धर्मादाय संस्था नाही, ते हा खर्च तुझ्यासारख्यांच्या फीमधूनच वसूल करते. ते ४५ डॉलर कशाचे, हे तू विचारलेच नाहीस. तुझा रिफंड तुझ्या खात्यात येणार नाही. तो तुझ्या नावाने उघडलेल्या एका तात्पुरत्या खात्यात जाईल, तिथून आधी कर्ज, मग दुकानाची फी, मग हे ४५ कापले जातील, आणि उरेल ते तुला मिळेल. म्हणजे ३१० डॉलरची फी आज खिशातून न देता तीन आठवडे उधार ठेवण्याचे हे ४५ डॉलर आहेत. वर्षाच्या हिशेबाने हा दर अडीचशे टक्क्यांवर जातो. तू मशीन लर्निंगची समीकरणे सोडवतोस आणि हा त्रैराशिकाचा हिशेब तुला करावासा वाटला नाही, याचे मला नवल वाटते.

माझे वडील सांगलीला मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. हळद शेतात उभी असतानाच शेतकरी पेढीवर उचल मागायला येत, आणि वडील खतावणीत नाव घालून रक्कम मोजून देत. कित्येकदा त्या उचलीवर व्याजही लावलेले नसे. संध्याकाळी घरी आल्यावर ते म्हणायचे की ज्याने उचल घेतली त्याची हळद आता दुसऱ्या पेढीवर जायची नाही. भाव, तोलाई, हमाली सगळे इथलेच. तुझेही तेच होते आहे. त्या १,००० डॉलरवर व्याज नाही, कारण त्या रकमेने तू बांधला गेला आहेस. आता विवरणपत्र त्याच दुकानात, त्याच फीने, त्याच घाईत भरायचे. शेतकऱ्याची हळद निदान अजून काढायची, शिजवायची तरी असायची. तुझी मजुरी तर गेल्या वर्षीच करून झालेली आहे, पगारातून कर जास्त कापला गेला आहे, आणि तो जास्तीचा भाग सरकारकडे तुझ्या नावाने पडून आहे. आपल्याच पैशावर उचल घ्यायची नाही. हे वाक्य तुला या पत्रात पुन्हा वाचावे लागेल.

आता त्या बाईविषयी. साल २००३, महिना फेब्रुवारी. ती एका वृद्धाश्रमात मदतनीस होती, पदरात दोन मुले. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या अर्न्ड इन्कम क्रेडिटमुळे तिचा रिफंड ४,००० च्या आसपास होत होता. तेव्हाचे कर्ज उघडपणे महाग होते: ३,००० डॉलरसाठी बँकेची फी शंभराच्या घरात, आणि ऑनलाइन विवरणपत्राचा रिफंड थेट खात्यात यायला दहाएक दिवस लागत. दहा दिवसांसाठी शंभर, म्हणजे वार्षिक १२० टक्क्यांच्या वर. 'कर्ज' हा शब्द आम्ही शक्यतो उच्चारत नसू. बँकेचे कोरे चेक आमच्याच कुलूपबंद खणात असत. मंजुरी आली की आमच्याच प्रिंटरवर चेक छापायचा. तिने विचारले, यात माझे जाते काय? मी हसून म्हटले, "काही नाही, तुमचेच पैसे तुम्हाला लवकर मिळतात." तिने चेकची बारीक घडी घालून तो ओळखपत्राच्या मागे सरकवला आणि शेजारच्या चेक वटवणाऱ्या दुकानात गेली. तिथेही कमिशन कापले गेले असणारच.

पुढे तिच्या विभक्त नवऱ्याने धाकट्या मुलाला आपल्याही विवरणपत्रावर दाखवल्याचे निघाले. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, रिफंड अडवला आणि मूल कोणाकडे राहते याचे पुरावे मागितले. रिफंड अडला तरी कर्ज अडत नाही. दुसऱ्या वर्षी ती आली तेव्हा तिच्या नव्या रिफंडातून आधी जुने कर्ज वळते झाले. तशी मुभा देणाऱ्या कलमावर तिची सही होती. "तुम्ही सांगितले नव्हते," ती म्हणाली. मी म्हटले, "कागदावर होते."

तू म्हणशील की तुम्ही नोकरी सोडायची होती. मी सोडली, पण आणखी दोन हंगामांनी. २००१ नंतर न्यू जर्सीत टेलिकॉमच्या नोकऱ्या धडाधड गेल्या, त्यात आमच्या घरचीही गेली, आणि जानेवारी ते एप्रिल हे चार महिने माझ्या पगारावर घराचा हप्ता जात होता. मी कोणाला खोटा आकडा सांगितला नाही, प्रत्येकाकडून रीतसर सह्या घेतल्या, आणि खाते नसलेल्या माणसाला फेब्रुवारीच्या थंडीत हीटिंगचे बिल भरायला दुसरा कोण पैसे देणार होता? ही सगळी उत्तरे खरी आहेत. ती मी स्वतःला इतक्या वेळा दिली आहेत की आता त्यांत चूकही सापडत नाही, आणि त्यांनी समाधानही होत नाही.

ते जुने कर्ज आता राहिले नाही. कोणाचा रिफंड थकबाकीपोटी कापला जाईल याची सूचना आयआरएस बँकांना आगाऊ देत असे आणि तिच्या भरवशावर बँका कर्ज देत. ती २०११ च्या हंगामापासून बंद झाली, नियामकांनी बँकांना धारेवर धरले, आणि २०१२ च्या वसंतानंतर बँकांनी त्यातून अंग काढून घेतले. पण गरज कुठे जाते? २०१७ पासून अर्न्ड इन्कम क्रेडिट असलेले रिफंड कायद्यानेच फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोखले जातात, आणि ज्यांना थांबणे सर्वांत कठीण तेच अधिक थांबतात. त्यांच्यासाठी दुकानांनी नवी पाटी रंगवली, 'शून्य व्याज'. सक्तीच्या गरजेने तिथे जाणाऱ्याला मी दोष देत नाही. तुझी गरज फ्लॅटच्या डिपॉझिटची आहे, आणि तुझ्या हातात तीन आठवडे आहेत. ऑनलाइन भरलेल्या विवरणपत्राचा रिफंड थेट बँकखात्यात मागितला तर आयआरएस बहुतेक वेळा २१ दिवसांच्या आत देते. मग २१ दिवसांसाठी आपल्याच पैशावर उचल कशाला?

याहून मोठी चूक त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आहे. तिथे फॉर्म १०४० लिहिले आहे, म्हणजे करासाठी निवासी असणाऱ्यांचा फॉर्म. तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, ओपीटीवर (त्याच व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर) आहेस, येऊन पाच कॅलेंडर वर्षे झालेली नाहीत. म्हणून करासाठी तू अनिवासी आहेस आणि तुझा फॉर्म १०४०-एनआर आहे. दुकानातल्या मुलीने तुझा व्हिसा विचारलाच नाही. तिच्या अंदाजातले सुमारे हजार डॉलर शिक्षणखर्चाच्या सवलतीतून आले आहेत, आणि ती सवलत अनिवासीला मिळत नाही. हे उघडकीस आले की दुकानाचे कर्ज फिटलेले असेल आणि आयआरएसचे देणे व्याजासह तुझ्या नावावर उभे राहील. सही तुझी, जबाबदारीही तुझी. उलट जे तुला हक्काने मिळते, म्हणजे भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला मिळणारी प्रमाणित वजावट, ती १०४०-एनआर वरही घेता येते. आणि तुझ्या पगारातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे (म्हातारपणीच्या पेन्शन व आरोग्यविम्याचे) ७.६५ टक्के कापले गेले आहेत, जे तुझ्यासारख्याला लागूच नाहीत. पाच महिन्यांच्या २५,००० डॉलरवर ती रक्कम १,९०० च्या वर जाते. ती आधी कंपनीकडे मागायची, कंपनीने नकार दिला तर फॉर्म ८४३ भरून आयआरएसकडे. आजच्या हजारासाठी घाई करणाऱ्या दुकानाने या १,९०० कडे पाहिलेसुद्धा नाही, आणि तूही नाहीस, कारण तुझे लक्ष कार्डावर होते.

अजून सही केली नसशील असे गृहीत धरते. केली असशील तर आजच फोन करून विवरणपत्र पाठवले आहे का ते विचार. पाठवले नसेल तर थांबव, पाठवले असेल तर दुरुस्तीचे भरावे लागेल.

शनिवारी सकाळी दहाला वाचनालयात ये. मी तिथे करमदतीची स्वयंसेवक असते आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या विवरणपत्रांची वेगळी परीक्षा दिलेली आहे. पैसे पडत नाहीत. पासपोर्ट, आय-२०, डब्ल्यू-२, डिसेंबरची शेवटची पगारपावती आणि येण्या-जाण्याच्या तारखा आण. डिपॉझिटचे हजार डॉलर माझ्याकडून हातउसने ने, रिफंड आला की दे. हीसुद्धा उचलच झाली म्हणशील. म्हण, पण मी तुझा फॉर्म कोणता ते आधी विचारले आहे. आणि येताना माझा मागच्या वेळचा डबा परत आण.

तुझी,
काकू