शिंपलीच्या स्फटिकात काय उरते?

प्रश्न : खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचा, बांध दुरुस्त करताना खोल चिखलात तिसऱ्यांच्या जुनाट, पांढऱ्याफटक शिंपल्या मिळाल्या. मांस केव्हाच कुजले. मग त्यांत त्या जिवाचे काही उरते का?
– एक वाचक, चोडण (गोवा)

उत्तर : उरते, आणि मला तर शिंपलीतला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कवच घडताना कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांमधल्या फटींत प्रथिने असतातच. पण थोडी वाढत्या स्फटिकाच्या पोटातच अडकतात. फटींतली पाणी आणि जिवाणू संपवतात. पोटातली कुपीत बंद केल्यासारखी राहतात. म्हणून प्रयोगशाळेत कवचाची पूड आधी ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, भिजवतात. बाहेरचे सगळे जाते, हाताळणाऱ्याच्या बोटांचा अंशसुद्धा. मग स्फटिक आम्लात विरघळवून आतली अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मोजतात. जीवाश्मांत ती टिकतात हे अमेरिकी शास्त्रज्ञ फिलिप एबलसन यांनी १९५४ मध्येच दाखवले होते.

जिवंत प्राण्याच्या प्रथिनांतली अमिनो आम्ले डाव्या घडणीची असतात; डावी आणि उजवी घडण म्हणजे एकाच रेणूची, आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपे. मेल्यानंतर त्यांतली काही उजवी होत जातात, आणि त्या प्रमाणावरून वयाचा अंदाज बांधता येतो. उष्णतेत हा बदल झपाट्याने होतो, तेव्हा थंड देशातला हिशेब गोव्याच्या शिंपलीला लावू नये. तिसऱ्यांचे कवच अॅरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचे. त्याचे कॅल्साइट, म्हणजे दुसरे स्फटिकरूप, झाले असेल तर आतले बाहेर झिरपलेले असते.

तुमच्या शिंपल्या कृपा करून उकळू नका, चुन्याच्या भट्टीत तर मुळीच देऊ नका. किती खोलीवर सापडल्या ते लिहून कागदी पिशवीत ठेवा.