हात कोणाचा, दगड कोणाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मित्रराष्ट्रं संरक्षणासाठी आणि गुंतवणुकीसाठी खरंच एकमेकांवर अवलंबून असतात का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी हळूच जोडलंय की धाकटा भाऊ आयटीआय करून नागपूरच्या मिहानमध्ये फ्रेंच विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागतोय, उद्या फ्रान्सशी बिनसलं तर त्याच्या नोकरीचं काय. मला तर हा दुसराच खरा प्रश्न वाटतो. पण पहिल्यातून गेल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधीच्या उत्तरांत एकानं लिहिलंय, "मैत्रीबित्री काही नसते, पैशाचा खेळ आहे." दुसरा म्हणतो, "नाटो म्हणजे अमेरिकेची फुकटची चौकीदारी." (नाटो ही अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती.) मी वायुसेनेत ग्राउंड ट्रेडला बावीस वर्षं काढली, आता वाडीला घर आहे. अवलंबून असणं म्हणजे काय, हे मला एका रबरी सीलनं शिकवलं.

१९९२ चा हिवाळा. एका दुरुस्ती डेपोत मी हायड्रॉलिक्सच्या कामावर. सोव्हिएत बनावटीचं मालवाहू विमान, चाकांच्या जॅकमधला एक सील गेलेला. लहान पोरीच्या बांगडीएवढं काळं कडं, बस. स्टोअरमध्ये गेलो तर खोका होता, आत सिलिका जेलची पुडी होती, सील नव्हता. मागणी गेली. पूर्वी सगळं मॉस्कोतल्या एकाच खिडकीवर मिळायचं आणि हिशोब रुपयांत चालायचा. आता सोव्हिएत संघच फुटला होता, खिडकीच राहिली नव्हती. कारखाना दुसऱ्या देशात गेलाय, तिकडे लिहा, असं उत्तर आलं. तिकडे लिहिलं तर त्यांना डॉलर हवे, तेही आगाऊ. मग आम्ही तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात: एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावलं. हँगरच्या कोपऱ्यातलं ते बिचारं विमान महिनोन् महिने सगळ्यांना पार्ट पुरवत राहिलं. आम्ही त्याला "दुभती" म्हणायचो. नळ्या गेल्या, पंप गेला, शेवटी चाकंही गेली.

तुम्ही म्हणाल, आधीच जास्त घेऊन ठेवायचे. होय, पण रबराला वय असतं. पाकिटावर बनल्याची तारीख असते, मुदत संपली की न वापरलेला सीलही टाकून द्यावा लागतो. बंदूक साठवता येते, पुरवठा साठवता येत नाही.

यात कोणी दगा दिला नव्हता. ९ ऑगस्ट १९७१ चा मैत्री करार ज्यांच्याशी झाला होता, ते सोव्हिएत रशियन आपले खरेच मित्र होते. मित्र बिथरला नाही, मित्रच उरला नाही. पुढे हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं घडली. एएन-३२ मालवाहू विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला, १०५ विमानांचा. २०१४ मध्ये क्रिमिया गेला, कीव्ह आणि मॉस्को एकमेकांच्या जिवावर उठले आणि सुटे भाग अडकले. दोघंही आपले दोस्त, भांडण त्यांचं, आणि घोडं अडलं आपलं.

तेव्हापासून दोन देशांच्या मैत्रीची बातमी वाचली की मी एकच हिशोब करतो. देणंघेणं उद्या सकाळी बंद झालं, तर आधी कोणाचं विमान जमिनीवर बसेल? आणि दुसऱ्याला त्याचा चटका किती दिवसांनी बसेल? कोणाचा हात कोणाच्या दगडाखाली आहे, ते यातून कळतं. बहुतेक वेळा दोघांचेही हात अडकलेले असतात, फक्त दगड सारखे नसतात.

सगळ्यात विषम उदाहरण आपल्याच दाराशी आहे. निजामानं १७९८ मध्ये कंपनी सरकारची तैनाती फौज घेतली. रक्षण इंग्रज करणार, खर्च निजाम देणार. पुढे तिच्या जोडीला आणखी एक कंटिंजंट फौज आली, अंमलदार गोरे, पगार हैदराबादच्या तिजोरीतून. तिजोरी आटली तेव्हा पामर कंपनी नावाची पेढी व्याजानं पैसे पुरवू लागली. ती बुडाल्यावर इंग्रजांनी स्वतःच्या खजिन्यातून पगार वाटले आणि निजामाच्या नावे मांडले. १८५३ मध्ये त्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. अकोला-अमरावतीचा सुपीक कापूसपट्टा एका फौजेच्या पगारपत्रकापायी गेला! संरक्षण आणि पैसा एकाच हातात गेला की काय होतं, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलंय. नागपूरकर भोसल्यांचंही तेच. मे १८१६ मध्ये अप्पासाहेबांनी तैनाती फौज स्वीकारली, वर्षाला साडेसात लाखांवर. दीड वर्ष उलटतं ना उलटतं तोच, २६ नोव्हेंबर १८१७ ला, त्याच "मित्रा"शी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई जुंपली. २६ जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडतात तेव्हा पोरांना घेऊन जा, वरून शहर छान दिसतं.

मग नाटोही तैनाती फौजच का? असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला नाही पटत, आणि कारण फ्रान्स आहे. १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी अमेरिकेला सांगितलं की तुमचं सैन्य आमच्या भूमीवरून हलवा. फ्रान्स युतीत राहिला, पण तिच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला. अमेरिकन चिडले, कुरकुरले, आणि गेले. नाटोचं मुख्यालयही पॅरिसहून ब्रसेल्सला हललं. अप्पासाहेबांनी दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीला, रेसिडेंटला, असं सांगून पाहायला हवं होतं!

नाटोच्या खर्चाच्या टक्क्यांवर मी फार लिहीत नाही, ते रोज पेपरात येतं. एवढंच सांगतो की एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, असं सांगणाऱ्या ज्या पाचव्या कलमाचा एवढा गाजावाजा असतो, ते आजवर एकदाच वापरलं गेलं, तेही ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेच्याच बाजूनं. आणि त्या कलमातही प्रत्येक सदस्यानं "स्वतःला आवश्यक वाटेल" ती कृती करायची आहे, रणगाडे घेऊन निघायलाच हवं असं नाही. आइसलँडकडे तर सैन्यच नाही, तरी तो संस्थापक सदस्य आहे. त्याची वर्गणी म्हणजे अटलांटिकच्या मधोमध असलेली त्याची जागा.

पैशाच्या बाजूनं पाहिलं तर ब्रिटनला १९५६ मध्ये सुएझवर जो धडा मिळाला, तो फार बोलका आहे. ब्रिटन आणि फ्रान्सनं इस्रायलला सोबत घेऊन इजिप्तवर चाल केली. अमेरिकेनं गोळी झाडली नाही. पौंड घसरत होता, ब्रिटनला नाणेनिधीकडून पैसे हवे होते, आणि सैन्य मागे घेईपर्यंत अमेरिकेनं ते अडवून धरले. ब्रिटिश सैन्य परत फिरलं. ब्रिटन आणि अमेरिका दोघंही नाटोचे सदस्य होते, हे ध्यानात घ्या.

हल्ली मात्र उलटा प्रवाहही दिसतो. ज्याचं रक्षण होतंय तोच रक्षण करणाऱ्याच्या कारखान्यात पैसे घालतो. ऑस्ट्रेलियाला अमेरिकन अणुपाणबुड्या हव्यात, पण अमेरिकेच्या गोदींना स्वतःच्याच नौदलाची मागणी झेपत नाही. म्हणून त्या गोदींची क्षमता वाढवायला ऑस्ट्रेलिया ३ अब्ज डॉलर देतोय, त्यातले ५० कोटी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेही. जपानचं पाहा. हजारो अमेरिकन सैनिक तिथं तळ ठोकून आहेत, त्यांच्या खर्चातला मोठा वाटा टोकियो उचलतो, आणि अमेरिकन सरकारचे सगळ्यात जास्त रोखे धरून बसलेला परदेशही जपानच आहे, १ लाख कोटी डॉलरहून अधिक. इतका जिवाभावाचा मित्र! तरी निप्पॉन स्टील जेव्हा यूएस स्टील विकत घ्यायला गेली, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये बायडेन यांनी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन ते रोखलं. जूनमध्ये ट्रम्प यांनी सोडलं, पण सरकारच्या हाती नकाराधिकाराचा एक "सोनेरी" शेअर ठेवून. मित्राचा पैसा चालतो, किल्ली मात्र चालत नाही.

तुर्कस्तानची गोष्ट याहून कडवट आहे. अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाचे ९०० हून जास्त भाग तुर्की कंपन्या बनवत होत्या. तुर्कस्ताननं रशियाकडून एस-४०० ही विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली आणि २०१९ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढलं. पैसे भरलेले, विमान मिळालं नाही. पण ते भाग दुसरीकडून मिळवायला अमेरिकेलाही बराच काळ लागला, तोवर तुर्की कंपन्यांकडूनच घेत राहावं लागलं. भांडणही आणि ऑर्डरही, दोन्ही सोबत चालू.

आपला नाटोसारखा करार कोणाशीच नाही, म्हणून आपण मोकळे, असं समजू नका. १९९८ च्या पोखरणनंतर तेजस या आपल्या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना परत पाठवण्यात आलं. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटिश होती, तरी आतले काही भाग अमेरिकन असल्यानं तीही अडकली. खरेदी करताना समोर एक मित्र दिसतो, त्याच्या खिशात दुसऱ्या कोणाचे पार्ट असतात! तेजसच्या एमके-१ए या नव्या आवृत्तीसाठी ९९ अमेरिकन इंजिनांचा करार २०२१ मध्ये झाला, पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये आलं. यात कोणाचं निर्बंध-बिर्बंध नव्हतं, नुसता उशीर होता. विमानं मात्र तेवढीच खोळंबली.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी रडगाणंच गातोय असं वाटेल. आर्मेनिया रशियाच्या लष्करी गटाचा सदस्य. २०२२ मध्ये अझरबैजानशी चकमकी झाल्या, त्यानं गटाकडे मदत मागितली, मिळालं ते पाहणी पथक. त्याच वर्षी त्यानं भारताकडून पिनाका ही रॉकेट यंत्रणा घेतली. अमरावती रोडनं बाजारगावकडे जाल तर ज्या कारखान्यांच्या भिंती दिसतात, तिथं पिनाकाची रॉकेटं बनतात. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेव्हानमधल्या कोणाचा तरी हात आज आपल्या दगडाखाली आहे, आणि तिथल्या शिफ्टच्या बसनं जाणाऱ्या पोट्ट्यांना त्याची गंधवार्ताही नसते.

आता तुमच्या भावाकडे येतो.

अमेरिकनांना जा म्हणणाऱ्या फ्रान्सला त्याची किंमत मोजावी लागली. स्वतःचं विमान, स्वतःचं इंजिन, स्वतःचं रडार, सगळं घरचं. पण एकट्या फ्रेंच वायुसेनेच्या खरेदीवर असा कारखाना पोसला जात नाही. राफेल या त्यांच्या लढाऊ विमानाला पहिलं परदेशी गिऱ्हाईक मिळालं ते २०१५ मध्ये, इजिप्त. तोवर फ्रेंच सरकारच्या ऑर्डरींवर ती उत्पादन-साखळी तगून होती. २०१६ मध्ये आपण ३६ घेतली, सुमारे ७.८ अब्ज युरोंची, आणि अट घातली की कराराच्या ५० टक्क्यांएवढं काम भारतात द्या. त्यातून मिहानमधला कारखाना उभा राहिला. २७ ऑक्टोबर २०१७ ला फ्रेंच संरक्षणमंत्री फ्लोरान्स पार्ली पायाभरणीला आल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी आणखी २६ ठरली. म्हणजे आपलं विमान पॅरिसच्या सुट्या भागांवर उडतं हे खरं, पण त्यांचा कारखाना चालू राहण्यात आपल्या ऑर्डरीचा वाटाही मोठा आहे. इथं दोन्ही हात दगडाखाली आहेत आणि दगड बऱ्यापैकी सारख्या वजनाचे आहेत. दिल्ली-पॅरिसमध्ये चार दिवस अबोला झाला म्हणून कोणी मिहानला कुलूप लावणार नाही.

माझी काळजी वेगळी आहे. भावाच्या कारखान्यात मुख्यतः फाल्कन विमानांचे भाग बनतात, म्हणजे खासगी जेट. जून २०२५ मध्ये जाहीर झालं की फाल्कन २००० अख्खं नागपुरात जुळवलं जाईल, फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच, आणि पहिलं विमान २०२८ पर्यंत उडेल. आनंदच आहे. पण खासगी जेटची सगळ्यात मोठी बाजारपेठ अमेरिका. तिथल्या श्रीमंतांनी हात आखडला किंवा तिथल्या सरकारनं आयातकर वाढवला, तर दिल्ली-पॅरिस गळ्यात गळे घालून बसले तरी शिफ्ट कमी होईल. मिहानमध्येच बोइंग ७८७ च्या फरशीचे बीम बनू लागले, त्या कामाचंही नशीब बोइंगच्या ऑर्डरबुकाला बांधलेलं.

म्हणून भावाला चार गोष्टी बघायला सांगा. ज्या जिगवर (म्हणजे भाग पक्का धरून ठेवणाऱ्या साच्यावर) तो भाग बसवून रिव्हेट मारेल, त्या जिगवर मालकाची पट्टी असते, तिच्यावर नाव कोणाचं आहे ते वाचायला सांगा. ड्रॉइंगमध्ये फरक करायचा झाला तर परवानगी इथला इंजिनिअर देतो की फ्रान्सला मेल जातो? मालाचं ॲल्युमिनियम कोणाकडून येतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपासणीचा शिक्का कोणाच्या खिशात असतो. आमच्या वेळी शिक्का असलेल्या माणसाला कोणी हात लावत नसे, बदलीसुद्धा विचारून व्हायची. जमलं तर त्यानं पाच-सात वर्षांत त्या शिक्क्यापर्यंत जावं. जोडणी करणारे हात उद्या दुसऱ्या गावी सापडतात, तपासणी करणारा डोळा तयार व्हायला वेळ लागतो.

आणि जिगच्या पट्टीवर काय लिहिलंय ते कळलं तर इथं नक्की टाका. मला खरंच उत्सुकता आहे.